पडद्यामागचं दार

काच पुन्हा आडवी तडकली.

सौदामिनीने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली आणि खुर्ची मागे सरकवली. अंगद बघायला पुढे आला नाही. त्याला आवाजावरूनच कळलं होतं. नीट कापलेली काच बोटाने दाबली की टिचकी वाजल्यासारखा आवाज करून दोन होते. ही वाळलेल्या पापडासारखी तुटली होती.

"पल्स?"

"सकाळी तुम्ही लावून दिली तीच, मॅडम. मी हात लावला नाही."

"काच पुसली होतीस?"

"दोनदा."

"मग?"

अंगदने चिमटा उचलला. कारण तिलाही सापडलं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

पुढच्या शुक्रवारी संशोधन समिती येणार होती. अंगदच्या पीएचडीची मुदत एकदा वाढवून झाली होती. आता समितीसमोर त्याने स्वतःच्या हाताने काच कापून दाखवायची आणि मार्गदर्शक म्हणून सौदामिनीने सही करायची, तरच नोंदणी पुढे चालणार होती. नाहीतर तो प्रयोगशाळेबाहेर. बाहेर लातूरचे राघवेंद्र सर वाट बघतच होते. त्यांच्या क्लासला फिजिक्ससाठी माणूस हवा होता आणि अंगद त्यांचाच जुना विद्यार्थी. शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांग, असा त्यांचा निरोप होता.

नांदेडात असला लेसर आहे हे अजूनही कोणाला खरं वाटत नसे. खरेदी विभागातल्या साहेबांनी तर विचारलं होतं, "मॅडम, काच कापायला वजिराबादेत दुकानं आहेत की." ती दुकानं हिऱ्याच्या टोकाने वरून ओरखडा काढतात. अंगदला काच आतून कापायची होती. साधा प्रकाश काचेतून आरपार निघून जातो, काचेला त्याचं काही होत नाही. पण तोच प्रकाश कल्पना करता येणार नाही इतक्या थोड्या वेळात कोंबला, तर काच त्याला अडवते, नेमकी तेवढ्याच जागी, आणि उष्णता शेजारी पसरायच्या आत सगळं उरकलेलं असतं. शंकूसारख्या भिंगातून असा झोत सोडला की काचेच्या पूर्ण जाडीतून सुईसारखं बारीक भोक पडतं. भोकांची सरळ ओळ पाडायची, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असते तशी, आणि मग हलकेच दाबायचं.

अडचण पल्सच्या, म्हणजे त्या क्षणभराच्या झोताच्या, आकाराची होती. फार आखूड पल्स काचेत शिरतानाच स्वतःला विस्कटून घेते. फार लांब झाली तर काच तापते. म्हणून वाटेत एक यंत्रणा बसवली होती. एक ग्रेटिंग, म्हणजे बारीक रेघांची धातूची पाटी, प्रकाशातले रंग इंद्रधनुष्यासारखे पसरवायचं, द्रवस्फटिकाच्या पट्टीतलं एकेक घर एकेका रंगाला थोडं थोडं थांबवायचं आणि दुसरं ग्रेटिंग सगळ्यांना पुन्हा एकत्र आणायचं. कुठला रंग किती उशिरा पोचतो, त्यावर पल्सचा आकार ठरायचा. हवा तो आकार सौदामिनीला सापडून वर्ष झालं होतं.

तिने कापलेली काच सरळ जायची. अंगदने कापलेली तडकायची. तेच यंत्र, तीच काच, तेच आकडे. तिने व्होल्टेज तपासलं. काचेची पेटी बदलली. एसी बदलून घेतला. टेबलाखालच्या हवेच्या नळ्या नव्या लावल्या. शेजारच्या इमारतीत बोअर घ्यायची गाडी आली होती तेव्हा तिच्या हादऱ्यांना दोष देऊन पाहिला. गाडी गेली, काच तडकतच राहिली. काच तडकली की अंगद चहाला बाहेर जायचा आणि ती कडी लावून, मोजायचं यंत्र वाटेत ठेवून पल्स तपासायची. पल्स प्रत्येक वेळी जशीच्या तशी.

विभागप्रमुख रेणुकादास सर एकदा दारातून डोकावून म्हणाले होते, "सौदामिनीबाई, हात असतो एकेकाचा. माझी सौ. सांगते, पुरणपोळी सगळ्यांची फुगत नाही."

"सर, इथे हात लागतच नाही. बटण दाबायचं असतं."

"मग तर फारच अवघड," असं म्हणून ते हसत गेले.

ते बोलणं तिला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं होतं. आज तिला स्वतःचाच तसा संशय यायला लागला आणि त्या चिडीत ती बोलून गेली, "तुम्हा लातूरच्या मुलांचं हे असंच असतं. चारातला एक पर्याय निवडायचा. पर्याय दिले नाहीत की तुमचं डोकं थांबतं."

अंगदने काचेचे तुकडे चिमट्याने डब्यात टाकले. "पर्याय असते तर बरं झालं असतं, मॅडम. मी चारही करून बघितले असते."

ती पर्स उचलून निघाली. दाराच्या आत जाड काळा पडदा होता, लेसरचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. पडदा बाजूला करताना तिच्या पायाला काहीतरी लागलं. चपलेच्या टाचेचा निळा तुकडा. गेल्या आठवड्यातही असाच एक तिने उचलून कचऱ्यात टाकला होता.

"झाडायला येतात की कचरा ठेवायला येतात?" ती पुटपुटली आणि पायाने तो बाहेर ढकलला.

सोमवारी तिला लातूरला जावं लागलं. एका महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षेला ती बाहेरची परीक्षक होती. लोहा, अहमदपूर करत एसटी लातूरला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. स्टँडपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक होते. मुलामुलींचे फोटो, फोटोखाली गुण, गुणांखाली क्लासचं नाव. राघवेंद्र सरांचा फलक सगळ्यांत उंच. त्याच्या कोपऱ्यात 'आमचे तज्ज्ञ' अशी ओळ होती आणि शेवटचा गोल रिकामा होता. तो कुणासाठी आहे हे तिला विचारावं लागलं नाही.

परीक्षा संपली आणि अंगदच्या आईचा फोन आला. "मॅडमबाई, मी कावेरीबाई. गावात येऊन जेवल्याबिगर गेल्या तर बघा."

कावेरीबाईंची मेस क्लासच्याच एका गल्लीत होती. खाली एक लांबट खोली, सतरंज्या, ताटांपेक्षा पुस्तकं जास्त. मुलं एका हाताने जेवत होती आणि दुसऱ्या हाताने पानं उलटत होती. कावेरीबाई सगळ्यांना 'डॉक्टर' म्हणायच्या.

"डॉक्टर, भात घे. तू बी घे रं डॉक्टर, हाडं मोजायची येळ आलीय तुझी." मग सौदामिनीकडे वळून, "बसा. ज्वारीची भाकर चालंल न्हवं? आमचा डॉक्टर कवा होणार? हे बघा, कालची पोरं खऱ्या दवाखान्यात गेली. तो अजून काचा फोडून राहिलाय."

"कापतोय," सौदामिनी म्हणाली.

"फोनवर तर फुटली म्हणूनच सांगतो रोज." त्यांनी भाकरीवर ठेचा वाढला. "मॅडमबाई, एक सांगते, राग मानू नका. एकतर पास करा, न्हाईतर सोडा त्याला. राघवेंद्र सर चांगलं माणूस हाय. बोर्डावर फोटो लावतो म्हणून राहिलेत. हितं माझ्याजवळ राहील. पण हा म्हणतो, आई, एकदा तरी माझ्या हातानं सरळ जाऊ दे. मंग बघू."

सौदामिनीचा घास हातातच राहिला. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात एक मुलगा आत आला आणि त्याने मागे दार लोटलं. कावेरीबाई एकदम उठल्या.

"ए डॉक्टर! दार लावलंस?"

"काकू, माशा येतात."

"येऊ देत. माशांनी कुणी मरत न्हाई."

मुलगा ओशाळला. कावेरीबाईंनी दार पुन्हा उघडलं, जमिनीवरून काहीतरी उचललं आणि दार आणि चौकट यांच्या मधे पायाने घट्ट बसवलं. चपलेच्या टाचेचा निळा तुकडा.

सौदामिनी त्याच्याकडे बघत राहिली.

"आमच्यात कडी लावत न्हाईत," कावेरीबाई बसत म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "तुम्हाला अंगदनं सांगितलं असंल."

"नाही."

"त्र्याण्णव साली भूकंप झाला न्हवं, तवा आमचं घर औशाकडच्या गावात. पोराला आत उकडायचं, म्हणून मी त्याला घेऊन बाहीर ओट्यावर. सहा वर्साचा होता. त्याचे वडील आत. कुत्री घुसायची म्हणून आतून कडी. हललं तसं मी पोराला घेऊन रस्त्यात पळाले. भिंतीनं चौकट दाबली होती. कडी सरकंना. आतून खडखड वाजवत होते. आम्ही दोघं बी ऐकत होतो." त्यांनी ताटातलं मीठ बोटाने एका बाजूला केलं. "मंग वरचं मातीचं माळवद आलं खाली. आता नव्या गावात पत्र्याची घरं हायत, पण कडी कुणीच लावत न्हाई. अंगद तर होस्टेलला बी तसाच झोपायचा. चोरी झाली दोनदा. तरी न्हाई."

परतीच्या बसमध्ये सौदामिनीला खिडकीची जागा मिळाली. रस्ता उखडलेला होता आणि समोरची सीट सारखी तिच्या गुडघ्यांवर येत होती. पल्सला आकार देणारी यंत्रणा दारापासून हातभर अंतरावर होती. बांधकाम विभागाने टेबल जिथे ठेवलं तिथेच ते राहिलं होतं. यंत्रणेवर पेटीसारखं झाकण हवं होतं. त्याचं कोटेशन 'वस्तूचा उपयोग स्पष्ट करावा' असा शेरा मारून दोनदा परत आलं होतं. दाराबाहेरचा व्हरांडा पश्चिमेचा. दुपारी तिथे उभं राहवत नाही. पडद्यामागे चार बोटांची फट असेल तर ती गरम हवा थेट ग्रेटिंगवर येणार. धातूची पाटी जराशी फुगणार. इंद्रधनुष्य पट्टीवर एखाद्या घराने सरकणार. लाल रंगासाठी ठरवलेला उशीर शेजारच्या रंगाला मिळणार आणि पल्सला मागे शेपटी फुटणार. ती शेपटी आधीच तापलेल्या काचेवर पडणार.

आणि नंतर ती येणार, कडी लावणार, यंत्र जुळवणार. तोवर पाटी थंड. पल्स जागेवर.

ती आत असली तरी दार नेहमी अंगदच लावायचा. तिने स्वतः कापलेल्या काचा तर एकटी असताना, कडी लावूनच कापलेल्या. तो धाकटा, शेवटी आत यायचा. पडद्यामागे तो काय करतो हे बघायचं तिला कधी सुचलं नव्हतं. तिने एसी बदलला होता. बोअरच्या गाडीवर संशय घेतला होता. मुलाच्या हातावर घेतला होता. इतकं साधं तापमान मात्र तिने मोजलं नव्हतं, कारण कडी लावलेली असते हे तिने गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगद ग्रंथालयात गेलेला असताना तिने दारात स्वतःची चप्पल अडकवली, पडदा ओढला आणि काच कापली. ती आडवी तडकली. तिच्याच हाताने.

अंगद परत आला तेव्हा ते दोन तुकडे टेबलावर होते. त्याने आधी काच पाहिली, मग दारात अडकलेली तिची चप्पल.

"हे तुम्ही कापलं?"

"हो."

"मॅडम, मला... पडदा होता म्हणून मला वाटलं हवा लागत नसेल. आणि कडी लावा असं दारावरच्या पाटीवर लिहिलंय, म्हणून बोललो नाही."

"मला कशाला सांगायचं, असंच ना? मी पुन्हा पर्यायांवरून बोलले असते." ती स्वतःवरच चिडून बोलत होती. "आता दार लाव. कडीही लाव. मी आत आहे. एक काच काप."

त्याने कडी लावली. खुर्चीवर बसला. काच जागेवर ठेवली. बटणावर बोट गेलं आणि तिथेच राहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. एसी चालू होता. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. उठला, पडद्यात गुरफटला, कडी ओढली आणि बाहेर गेला.

ती आत बसून राहिली. कारण सापडलं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. टेबल हलवायचं तर सगळी आरशांची वाट पुन्हा जुळवायची, त्याला महिना लागला असता. शुक्रवार तीन दिवसांवर आला होता. तिला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर ते ठरेना.

अंगद व्हरांड्यात कठड्याला टेकून उभा होता. "लातूरला हो म्हणून टाकतो, मॅडम. तिथे वर्गाला दारच नसतं. पडदाच असतो."

"गप्प बस जरा," ती म्हणाली. ती दाराकडे बघत होती. "तुला दार बंद असलेलं चालत नाही, की कडी चालत नाही?"

त्याने विचार केला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसावा. "ढकललं की उघडायला पाहिजे," तो शेवटी म्हणाला. "आणि ते उघडतं हे मला बघता यायला पाहिजे."

तिने विभागाच्या कार्यशाळेतून स्क्रू ड्रायव्हर आणला. कडीचे स्क्रू गंजलेले होते. दोघांनी आळीपाळीने जोर लावला. एकाची खाच पूर्ण गेली, तो शेवटी पक्कडीने उपटावा लागला. कडी निघाल्यावर दार आपोआप उघडायला लागलं, कारण बिजागऱ्या झुकलेल्या. मग हार्डवेअरच्या दुकानातून दाराची स्प्रिंग आणली. स्प्रिंग लावल्यावर दार इतकं आपटलं की टेबलावरचा आरसा हलला आणि तो जुळवण्यात संध्याकाळ गेली. अंगदने चपलेच्या रबराची पट्टी कापून चौकटीला चिकटवली. आता दार आवाज न करता मिटायचं आणि बोटाने ढकललं की उघडायचं.

त्याने ते किती वेळा ढकलून पाहिलं ते तिने मोजलं नाही. प्रत्येक वेळी गरम हवा आत येत होती आणि तिचा जीव वरखाली होत होता. पण यंत्रणेवर तिने तापमापक चिकटवला होता. दार मिटलं की आकडा हळूहळू खाली येऊन थांबायचा. तो थांबला की अंगद कापायचा. तेव्हा काच सरळ जायची.

शुक्रवारी दुपारी समिती आली. रेणुकादास सर आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, ज्यांना संध्याकाळची गाडी होती आणि जे ते दर थोड्या वेळाने सांगत होते.

अंगद उठला, पडद्यामागे गेला, दार ढकलून पाहिलं, परत येऊन बसला. तापमापकाकडे बघत थांबला. मग कापलं. टिचकीचा आवाज. तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि "हं" म्हणाले. दुसरी काचही तशीच गेली, आधी पुन्हा दार ढकलून.

तिसरीच्या वेळी शिपाई लिंबाजी चहाचा ट्रे घेऊन आला. ट्रे सावरताना त्याने दार पाठीने अडवून धरलं आणि साखर कोणाला हवी, कोणाला नको ते तिथूनच विचारत राहिला. सौदामिनीने डोळे मिटले. वर्षभरात लिंबाजीने या खोलीत चहा कधी आणला नव्हता.

"थोडं थांबावं लागेल, सर," अंगद म्हणाला.

"आता काय? माझी गाडी आहे."

"आत्ता कापली तर आडवी जाईल. डावीकडे. निम्म्या ओळीच्या पुढे."

रेणुकादास सर हसले. "हे बघा, आता भविष्यसुद्धा सांगायला लागला."

तज्ज्ञांनी कप खाली ठेवला. "कापा."

अंगदने सौदामिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने कापलं. काच निम्म्या ओळीच्या पुढे डावीकडे तडकली.

तज्ज्ञ खुर्ची ओढून तापमापकाजवळ बसले. "पुन्हा करा. दार उघडं ठेवून."

पुन्हा तसंच झालं. मग दार मिटून, थांबून, एक सरळ. गाडीचं नाव कोणी घेतलं नाही. तज्ज्ञांनी पट्टीवरची घरं, ग्रेटिंगची जागा, पल्सची शेपटी असं एकेक विचारलं. अंगदला सगळ्याची उत्तरं आली, कारण दोन दिवस त्याने दुसरं काही मोजलं नव्हतं.

"ठीक आहे. पण मग इतके महिने दार उघडं का होतं?" तज्ज्ञांनी विचारलं.

"सर, ती चौकट जुनी आहे, बांधकाम विभागाकडे..." सौदामिनीने सुरुवात केली.

"मी ठेवत होतो," अंगद म्हणाला. "मला कडी लावलेल्या खोलीत बसता येत नाही. आमचं गाव भूकंपातलं आहे."

रेणुकादास सर उठले, पडदा बाजूला केला आणि एका बोटाने दार ढकललं. ते उघडलं. सरांनी बोट काढलं आणि ते मिटेपर्यंत तिथे उभे राहिले.

"तापमान वाढलं असेल, सर," अंगद म्हणाला.

"हो, हो. माफ करा," म्हणत सर घाईने आत आले.

सौदामिनीने सही केली. पेन नीट चालत नव्हतं, तिला दोनदा गिरवावं लागलं. खाली शेऱ्याच्या जागेत तज्ज्ञांनी लिहिलं होतं, यंत्रणेवर झाकण ताबडतोब बसवावे. म्हणजे तिसऱ्यांदा कोटेशन.

समिती गेल्यावर अंगदने आईला फोन लावला. हातात काचेचा तुकडा होता म्हणून स्पीकर चालू ठेवला.

"सरळ गेली, आई."

"गेली? बरं झालं बाबा." पलीकडे ताटांचा आवाज होत होता. "मंग राघवेंद्र सरांना काय सांगू? सकाळपासून दोनदा येऊन गेले. फोटो मागून राहिलेत."

अंगदने तापमापकाकडे पाहिलं. लिंबाजी रिकामे कप न्यायला येत होता, दार पुन्हा पाठीने अडवून.

"सांग, दुसऱ्याचा लावा म्हणावं," तो म्हणाला. "आणि लिंबाजीमामा, दार सोडा हो तेवढं."